अंबुजाबाईंची तालीमखान्यावरील स्वारी

श्रीगजानन प्रसन्न. ज्याचे उदर विशाल असोन ते कमी करा म्हणोन सांगावयाची छाती आजवर कोणी केली नाही, त्या देवास प्रथम नमन. आणि अठरा हातांची जी माउली गडावर उभी आहे आणि जिचा एकही हात कधी दुखत नाही, तीस दंडवत. ऐसे नमन करोन, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, एका राज्यात जे वर्तमान घडले ते ऐकिल्याप्रमाणे लिहितो. राज्याचे नाव लिहिणे नाही. लिहिणाराचे नाव पुसणे नाही.

ते राज्य एका इमारतीचे तिसरे मजल्यावर. पूर्वेस कपडे वाळत घालावयाची गॅलरी, पश्चिमेस जिना, उत्तरेस शेजारी टिपणीस यांची सरहद्द, आणि दक्षिणेस नुसती भिंत. गादीवर दिगंबरराव रांगणेकर, वीज मंडळात मोठे हुद्द्यावर नोकरी करोन निवृत्त जाहलेले. आणि कारभार सारा त्यांचे कुटुंब अंबुजाबाई यांचे हाती. ऐशास गतवर्षी रावांस अर्धांगाचा झटका आला आणि उजवे अंग लुळे पडले आणि वाणीही अडखळू लागली, आणि तेव्हांपासोन रावांस पलंगावरोन चाकांचे खुर्चीत आणि खुर्चीतोन पलंगावर नेणे हे काम बाईंनी आपले अंगावर घेतले. पुत्र कौस्तुभराव बेंगळुरास चाकरीस असत. त्यांनी फोनवर बहुत विनविले की "आई, माणूस ठेव, हट्ट करू नकोस", तेव्हां सेवेकरी पुरविणाऱ्या ब्यूरोतोन एक माणूस आणविला. परंतु तो रावांस भरवितांना दुसरे हाताने मोबाईल पाही, आणि फळांचे टोपलीतील केळी आपोआप कमी होत, म्हणोन बाईंनी त्यास चहा पाजोन निरोप दिला. कां की बाईंचा स्वभाव संशयी. दूधवाला हसोन बोलला तर दुधात पाणी आहे ऐसे समजावे, आणि न हसता बोलला तरी तेच समजावे, ही त्यांची रीत. आणि संशय धरला म्हणोन कधी नुकसान जाहले नाही, विश्वास धरोन मात्र जाहले, हे त्यांचे ठाम मत.

दुसरे एक सांगणे अवश्य. रावांचा शब्द अर्ध्यावर अडे आणि बाईंस थांबणे ठाऊक नसे. राव "पा..." म्हणोन थांबत, तो बाई "पाणी? पाय चेपू? पांघरूण?" म्हणोन तिन्ही हजर करीत, आणि रावांस म्हणावयाचे असे की पाऊस थांबला. मग राव मान हलवोन गप्प बसत, आणि बाई समजत की मनातले ओळखिले, आणि पुढील कामास लागत. ऐसे वर्ष गेले.

मग आश्विनात एके दुपारी मोठा प्रसंग गुदरला. बाईंनी नित्याप्रमाणे रावांचे काखेत हात घालोन उचलिले, तो बाईंचे कमरेत वीज चमकावी तैशी कळ निघाली आणि गुडघ्यातले बळ सरले, आणि दोघेही पलंगाचे कडेने घसरत फरशीवर येवोन बसले. कोणास लागले नाही. परंतु उठावयाचे कोणी आणि कैसे? बाईंनी एकदां जोर केला, दोनदां केला, मग भिंतीस पाठ लावोन उगीच बसल्या. शेजारी हाक मारावी तर टिपणिसांची नलूताई साऱ्या इमारतीस सांगेल, आणि इमारतीने कौस्तुभास सांगितले तर पुन्हा माणूस येईल, आणि त्यापुढे वृद्धाश्रमाची भाषा सुरू होईल, म्हणोन हाक मारिली नाही. अखेर चादर रावांचे खालोन सरकविली आणि त्यांस ओढत ओढत बैठे सोफ्यापाशी नेले, आणि राव चांगले हाताने सोफा धरीत, बाई खालोन लोटीत, ऐसे करोन उन्हे कलता कलता वर चढविले. मग चहा केला. दोघांनी घेतला. ही वार्ता बाहेर जावयाची नाही ऐसे बाईंनी मनात ठरविले, आणि रावांस विचारिले नाही, कां की राव कोणास सांगणार होते? परंतु त्या दिवसापासोन उचलतांना कळ येई आणि ओरडणे नको म्हणोन बाई पदराचे टोक दातांत धरीत.

ऐसे चालले असतां मार्गशीर्षात नलूताई टिपणीस वाटीभर चकल्या घेवोन आली. दिवाळी सरोन महिना जाहला असतां चकल्या कशास, हा पहिला संशय. नलूताई बसली आणि इकडले तिकडले बोलोन म्हणाली, "अंबुजाताई, अहो, कोपऱ्यावर बायकांची जिम निघालीय. फक्त बायकांची हं! अर्धा तास गोल फिरायचं, यंत्रं ढकलायची, की सुटका. पहिले तीन दिवस फुकट." बाई म्हणाल्या, "फुकट कशाला?" नलूताई म्हणाली, "सवय लागावी म्हणून." बाई म्हणाल्या, "असं तर दारू पाजणारेही करतात." नलूताई हसली आणि चकलीचा तुकडा मोडोन म्हणाली, "चला तरी. संध्याकाळी पाचला." बाई म्हणाल्या, "आणि यांच्याजवळ कोण बसेल?" तो नलूताई श्वासही न घेता बोलली, "आमचे हे बसतील की! पाचला पेपर घेऊन येतील." हा दुसरा संशय, आणि मोठा. कां की वसंतराव टिपणीस दुपारी झोपोन सहाशिवाय उठत नसत, हे साऱ्या मजल्यास ठाऊक होते. ते पाचास उठणार, हे ठरले कधी आणि ठरविले कोणी? किल्ल्याचे दार ठोठवावयाचे आधीच अडसर निघालेला दिसावा, तेव्हां शहाण्याने आत पाऊल घालण्यापूर्वी विचार करावा, तैसे बाईंस जाहले. परंतु कमरेत कळ होती, आणि ती कोणास सांगावयाची नव्हती. म्हणोन बाई इतकेच बोलल्या की "बघते."

मग बाईंनी आधी स्वतःच हेरगिरी केली. तो तालीमखाना एका फरसाणवाल्याचे दुकानावर, पहिले मजल्यावर. बाई पिशवी घेवोन दुकानापुढे उभ्या राहिल्या आणि चिवडा निरखू लागल्या, आणि वरोन बायका जिन्याने उतरत त्यांची तोंडे निरखू लागल्या. घाम होता, हसणे होते, हातपाय शाबूत होते. बाईंनी फरसाणवाल्यास सहज विचारिले, "वरची जागा कुणाची हो?" तो म्हणाला, "आमच्या काकांचीच." बाई मनात म्हणाल्या, खरेच की! खाली लोकांचे अंगावर मांस चढवावयाचे आणि वरती तेच उतरवावयाचे, आणि दोन्हीकडून एकाच घराने खावयाचे. आणि त्या उघड बोलल्या, "म्हणजे खालून वर आणि वरून खाली, गिऱ्हाईक तुमचंच." फरसाणवाला चिडला नाही, उलट वजन करता करता म्हणाला, "बाई, खरं सांगू? वर जिम झाल्यापासून शेव दुप्पट खपते. व्यायाम केला म्हणतात आणि मोकळ्या मनानं घेतात." हे उत्तर बाईंस फार पटले, आणि जिमविषयींचा संशय त्याहून फार वाढला.

तरी पंचमीचे दिवशी पाचास बाई गेल्या. वसंतराव खरोखरच पेपर घेवोन आले आणि रावांचे शेजारी खुर्ची ओढोन बसले. हे वसंतराव एस.टी.चे स्थानकात वाहतूक नियंत्रक होते आणि उशिरा येणाऱ्या गाड्यांची वाट पाहण्यात त्यांची सारी नोकरी गेली, म्हणोन कोणत्याही गोष्टीची घाई त्यांस नसे. बाईंनी गोळ्या, पाणी, रुमाल, सारे दोनदां दाखविले आणि सलवार-कुडता घालोन, ओढणी कमरेस बांधोन निघाल्या. तालीमखान्यात यंत्रे वर्तुळात मांडिली होती आणि दोहोंमध्ये एक एक चौकोनी पाट, त्यावर जागचे जागी पळावे. आणि भिंतीवरील कर्ण्यातोन एक न दिसणारी बाई आज्ञा करी की "पुढच्या जागेवर चला", तो साऱ्या बायका एक घर पुढे सरत. कोणी पाय ढकली, कोणी हात ओढी, कोणी खांद्यांनी दाबी. आणि यंत्राची खुबी ऐसी की जितका जोर आपण लावावा तितकाच विरोध ते करी, अधिक नाही, उणे नाही. आणि गाणी लाविली होती, ती लग्नाचे वरातीत लागतात ती. तालीमखान्याची मालकीण शर्मिष्ठा दळवी म्हणोन तिशीची मुलगी. ती दारात येवोन "या काकू, या!" म्हणोन ऐसी हसली की बाईंनी पर्स काखेत घट्ट केली. काकू म्हणते म्हणजे काही विकणार, हे बाईंनी तत्काळ ओळखिले. मग चोहोंकडे पाहोन बाई म्हणाल्या, "आरसे कसे नाहीत कुठे?" शर्मिष्ठा म्हणाली, "मुद्दामच नाही लावले, काकू. बायका आरशात बघतात आणि शेजारणीशी तुलना करत बसतात." बाई म्हणाल्या, "की काही फरक पडत नाही, हे दिसू नये म्हणून?" शर्मिष्ठा हसली, परंतु ते हसणे पहिल्याइतके रुंद नव्हते.

बाई वर्तुळात शिरल्या. पहिले यंत्र हातांचे, तेथे बाईंची फजिती जाहली. दुसरे पाठीचे, तेथे कळ निघाली तेव्हां शर्मिष्ठाने येवोन "एवढं नको, अर्धंच ढकला" म्हणोन सांगितले. परंतु पायांचे यंत्रावर बसल्या आणि दोन्ही पायांनी जोर केला, तो यंत्र ऐसे मागे गेले की शेजारची बाई वळोन पाहू लागली. वर्षभर एक पुरुष उचलोन उचलोन पाय घडले होते आणि बाईंस ते ठाऊक नव्हते. घरी परततांना अंग मोडल्यासारखे दुखत होते, परंतु डोके मात्र धुतल्यासारखे हलके, आणि वर्षात प्रथमच अर्धा तास रावांचा विचार मनात आला नाही हे ध्यानी येवोन त्या जिन्यातच थबकल्या. मग याचाही संशय आला, की हे ऐसे हलके वाटविणे हाच यांचा सापळा असेल.

दुसरे दिवशीही गेल्या. तिसरे दिवशी शर्मिष्ठा शेजारी येवोन बसली आणि म्हणाली, "काकू, वर्षाचं आज घेतलंत तर भरघोस सवलत आहे. उद्या नाही मिळणार." बाई म्हणाल्या, "उद्या काय होणार आहे? प्रलय?" शर्मिष्ठा म्हणाली, "नाही हो, स्कीम संपते." बाई म्हणाल्या, "स्कीम संपली की दुसरी येते. मी साठ वर्षं बाजारात जाते, मुली." आणि उठोन चपला घालू लागल्या. ऐशात पडद्यापलीकडे दोन बायका कपडे बदलीत होत्या, त्यांतील एक दुसरीस म्हणाली, "तू नणंदेला आणलंस ना? मग तुला महिना फुकट. प्रत्येक नव्या बाईमागे एक महिना देते ती." हे शब्द कानी पडतांच बाईंनी हिशेब मांडिला. चकल्या आठवल्या. पाचास उठलेले वसंतराव आठवले. तीस वर्षांपासोनची शेजारीण, जिचे बाळंतपणात यांनी डबे नेले, जिने रावांचे आजारात दवाखान्यात रात्र काढिली, तिने एका महिन्याकरितां आपणांस विकिले, ऐसे बाईंचे मनाने घेतले, आणि संशय खरा ठरला याचा जो आनंद नेहमी होई तो या वेळी जाहला नाही.

जिन्यात बाईंनी नलूताईस गाठिले. म्हणाल्या, "मला आणल्याबद्दल तुला महिना मिळतो, खरं ना?" नलूताईचा चेहरा पडला. परंतु ती खोटे बोलली नाही. म्हणाली, "मिळतो. आणि मी तो घेणारही आहे, का घेऊ नये? पण त्याकरता नाही आणलं मी तुम्हाला." बाई म्हणाल्या, "मग कशाकरता? माझं भलं व्हावं म्हणून? इतकी वर्षं नाही सुचलं ते?" नलूताईस राग आला आणि रागात तिचे तोंडोन निघाले की "मला कुठं सुचलं! मला तर सांगितलं म्हणून—" आणि एवढे बोलोन तिने तोंडावर हात ठेविला. बाई म्हणाल्या, "कुणी सांगितलं?" नलूताई म्हणाली, "ते नाही सांगणार. शब्द दिलाय मी. तुम्ही बोला काय बोलायचं ते." आणि ती झरझर जिना चढोन आपले घरात गेली आणि दार लोटोन घेतले. म्हणजे मसलत होती. म्हणजे फितुरीत आणखी कोणी सामील होता. बाईंनी सारे उभे आडवे तपासले. कौस्तुभ? तो सांगावयाचा तर सरळ फोनवर भांडला असता. फरसाणवाला? त्यास काय ठाऊक? कळ आपल्या कमरेत, पदर आपल्या दातांत. मग हे बाहेर फुटले कोठोन?

मग बाईंनी एक डाव मांडिला. चवथे दिवशी नित्याप्रमाणे कुडता घातला, ओढणी बांधिली, भांडण जाहले तरी पेपर घेवोन आलेल्या वसंतरावांस गोळ्या दाखविल्या आणि दार लावोन निघाल्या, आणि दुसरे मजल्यापर्यंत चपलांचा आवाज करीत उतरल्या. मग चपला हाती घेवोन अनवाणी परत चढल्या, किल्लीने कुलूप ऐसे उघडिले की खुट्ट वाजू नये, आणि आपल्याच घरात चोरासारख्या पॅसेजमध्ये भिंतीस लागोन उभ्या राहिल्या. आतोन प्रथम काहीच ऐकू येईना. मग रावांचा आवाज आला, "गे... ली?" वसंतराव म्हणाले, "गेल्या वहिनी." मग पुन्हा शांतता. ती इतकी लांबली की बाईंस वाटले राव झोपले; आणि बाई असत्या तर तेवढ्यात तीन प्रश्न विचारोन जाहले असते. परंतु वसंतराव काही बोलले नाहीत. ते वाट पाहत होते. मग राव म्हणाले, "जम... तंय... का... तिला?" वसंतराव म्हणाले, "नलू सांगत होती, पायाच्या यंत्रावर वहिनींसारखं कुणी नाही. तिथली पोरगीसुद्धा बघत राहिली." तो राव हसले. ते हसणे बाईंनी आजारानंतर ऐकिले नव्हते. मग पुन्हा लांबलचक शांतता, आणि राव एक एक शब्द विहिरीतोन ओढोन काढावा तैसे म्हणाले, "उचल... ताना... कण्हते. तोंडात... पदर... घालते. तिला... वाटतं... मला... ऐकू... येत नाही." वसंतराव म्हणाले, "हो. वहिनी औषधं आणायला गेल्या होत्या तेव्हा तुम्ही हे सांगितलंत, म्हणूनच तर नलू गेली बोलायला." बाई तेथेच चपला हाती घेवोन फरशीवर बसल्या. साऱ्या मुलुखात हेर शोधिला, आणि तो घरात, गादीवर बसला होता. आणि ज्याचे मुखातोन शब्द निघत नाही म्हणोन ज्याचा संशय कधी घेतला नाही, त्यानेच शब्द जुळवोन जुळवोन ही सारी मसलत उभी केली होती.

चपला हातातोन निसटोन वाजल्या, तेव्हां वसंतराव बाहेर आले आणि बाईंस पाहोन पेपर मिटोन म्हणाले, "वहिनी, मी येतो जरा," आणि गेले. बाई आत गेल्या. राव पलंगावर उशीस टेकोन बसले होते आणि चोरी पकडलेल्या मुलाप्रमाणे चादरीची किनार ओढीत होते. बाई म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंत? नलूला सांगता, वसंतरावांना सांगता, मला नाही?" राव म्हणाले, "तू..." आणि थांबले. बाई तत्काळ म्हणाल्या, "मी काय? मी रागावते? मी ऐकत नाही? मी मध्ये मध्ये—" आणि तेथेच त्यांची जीभ अडली. रावांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी ओठ दातांत धरिला आणि पलंगाचे कडेस बसल्या आणि हात मांडीवर ठेविले आणि वाट पाहू लागल्या. हे बाईंस रावांस उचलण्याहून जड गेले. चार वेळां शब्द ओठांशी आला आणि चारी वेळां गिळला. बाहेर कोणाची गाडी आली, गेली. कुकरची शिटी कोठे वाजली. मग राव म्हणाले, "तू... मोडलीस... तर... माझं... काय?" बाई म्हणाल्या, "म्हणजे स्वतःसाठीच केलंत हे सगळं!" राव म्हणाले, "हो." हा शब्द मात्र अडला नाही. आणि बाई हसू लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. कां की साऱ्या प्रकरणात नलूताईचे प्रेम, शर्मिष्ठेचे हास्य, फुकटचे तीन दिवस, सर्वांत बाईंनी खोट काढिली होती. परंतु या कारणात खोट काढावयास जागाच नव्हती. ज्याचा स्वार्थ उघड, त्याचे बोलणे खरे, आणि चाळीस वर्षांचे संसारात इतके सरळ बोलणे रावांनी कधी केले नव्हते.

दुसरे दिवशी बाई तालीमखान्यात गेल्या आणि वर्तुळात न शिरतां शर्मिष्ठेसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे बघ, मला बारीक व्हायचं नाही. मला नवऱ्याला उचलायचंय. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. तुझी यंत्रं ते शिकवतील का? खरं सांग, हसू नकोस." शर्मिष्ठा हसली नाही. तिने कर्ण्याचा आवाज कमी केला आणि म्हणाली, "नाही, काकू. यंत्रांनी पाय आणि पाठ मजबूत होईल. पण माणूस कसा उचलायचा ते मला येत नाही. चुकीचं सांगितलं तर तुम्ही दोघंही पडाल." बाईंनी हे ऐकोन प्रथमच पर्स काखेतोन काढोन बाकावर ठेविली. विकणाऱ्याचे तोंडी "मला येत नाही" हे शब्द त्यांनी जन्मात ऐकिले नव्हते. मग शर्मिष्ठा म्हणाली, "माझी एक मैत्रीण फिजिओथेरपिस्ट आहे, आजारी माणसांचे व्यायाम घेते. तिला एक दुपार बोलावते." बाई म्हणाल्या, "बोलाव. तोवर तीन महिन्यांचंच घेते. वर्षाचं नाही. वर्षात तू बंद करून पळालीस तर?" शर्मिष्ठा म्हणाली, "नाही पळणार." बाई म्हणाल्या, "बघू."

मग ती मैत्रीण आली, मानसी नामे, आणि वर्तुळाचे मध्ये एक खुर्ची आणि एक बाक मांडिला. रोगी कोणी व्हावे ऐसा प्रश्न पडला, तो नलूताई पुढे जाहली. जिन्यातील भांडणानंतर दोघी बोलल्या नव्हत्या. नलूताई खुर्चीत बसली आणि उजवे अंग ढिले सोडोन म्हणाली, "उचला मला. फार जड आहे हं मी." बाई म्हणाल्या, "ते दिसतंय. फुकटचा महिना घेऊन आणखी होशील." आणि दोघी हसल्या आणि साऱ्या बायका हसल्या, आणि तो तह तेथेच जाहला, त्यास दुसरी बोलणी लागली नाहीत. मानसीने दाखविले की काखेत हात घालू नये, कमरेस रुंद पट्टा बांधावा आणि तो धरावा. आपले गुडघे त्याचे दुबळे गुडघ्यास अडवावे. पाठ ताठ, जोर पायांचा. आणि मुख्य हे की एकट्याने उचलू नये. ज्यास उचलावयाचे त्यानेच एक, दोन, तीन म्हणावे, आणि तीनवर त्यानेही चांगल्या पायाने जोर करावा. "त्यांच्या तीनच्या आधी उचललंत," मानसी म्हणाली, "की सगळं वजन तुमच्या कमरेवर येतं. इतके दिवस तेच होत होतं." नलूताईने मुद्दाम फार सावकाश "ए...क" म्हटले, आणि बाई दोनवरच उचलू लागल्या, आणि मानसीने "थांबा" म्हटले. ऐसे अनेकदां जाहले. अखेर एकदां बरोबर साधले, आणि नलूताई चिंधीची बाहुली असावी तैशी उठोन बाकावर जावोन बसली, आणि बायकांनी टाळ्या वाजविल्या.

मग घरी आल्या. रावांस सारे समजाविले. पट्टा बांधिला, खुर्ची लाविली, चाके अडविली, रावांचे पाय फरशीवर टेकविले आणि बाईंनी गुडघा गुडघ्यास भिडविला आणि म्हणाल्या, "म्हणा." राव म्हणाले, "ए... क." बाई थांबल्या. राव म्हणाले, "दो... न." आणि मग शब्द अडला. रावांचे ओठ हलत, घसा हले, परंतु तीन बाहेर येईना. बाईंस तीन ठाऊक होता, तोंडाशी होता, बोलोन टाकावा आणि उचलोन मोकळे व्हावे, इतकेच राहिले होते. रावांचे कपाळी घाम आला. त्यांनी बाईंकडे पाहिले, जैसे म्हणावे की तूच म्हण. बाईंनी मान हलविली आणि पट्टा धरोन तैशाच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वसंतरावांची गाडी लागली नाही अजून. येऊ दे सावकाश." राव हसले, आणि हसता हसता घशातोन शब्द निसटला, "तीन!" आणि दोघांनी मिळोन जोर केला आणि राव उठले, उभे राहिले, क्षणभर दोघे समोरासमोर उभे, नाकास नाक लागेल इतके जवळ, आणि कळ आली नाही. बाईंनी त्यांस लगेच बसविले नाही. राव म्हणाले, "उंच... आहे... मी... अजून." बाई म्हणाल्या, "होय हो. विसरलेच होते." मग फिरवोन खुर्चीत बसविले.

पुढे बाई रोज पाचास जात राहिल्या. कौस्तुभरावांस फोनवर सारे सांगितले, फरशीवर पडलेल्या दुपारीसुद्धा; पुत्र चिडला, मग रडला, मग फिजिओथेरपीचा खर्च मी देतो म्हणाला, आणि बाईंनी दिला तो घेतला. रात्रीकरितां एक बाई ठेविली. तिचे नाव, गाव आणि आधीचे घर पुसोन, आणि केळी मोजावयाचे सोडोन. राव रोज एक वाक्य पुरे बोलत, आणि कधी दोन, आणि बाई ऐकत. वसंतराव पाचास पेपर घेवोन येत. त्यांची झोप मोडली ती मोडली.

येणेप्रमाणे स्वारी जाहली. तीन महिने सरतां शर्मिष्ठेने विचारिले, "काय काकू, पैसे वसूल झाले ना? आता वर्षाचं?" बाईंनी तीस आपादमस्तक निरखिले आणि म्हणाल्या, "अजून सांगता येत नाही. आणखी तीन महिने दे." इति.